भातकुली रोडवरचं तेल

१

सोमवारी सकाळी नईमाने कपाट उघडलं आणि बाटली जागेवर नव्हती.

कुलूप शाबूत होतं. आतल्या काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, सगळं ओळीत होतं. नव्हती ती फक्त लाल लाखेचं सील लावलेली एक बाटली, आणि नेमकी तीच सरकारी प्रयोगशाळेत जायची होती. त्या बाटलीत दगडी कोळशापासून काढलेलं डिझेल होतं, असं सगळ्या अमरावती जिल्ह्याला सांगण्यात आलं होतं.

हे सगळं मंगळवारी सकाळी कुर्बानभाईंनी अमरावतीला आमच्या ओसरीवर बसून सांगितलं. कुर्बानभाई म्हणजे नईमाचे वडील, आणि नईमा त्या डिझेलच्या कंपनीत तपासणीचं काम करायची. अकोल्यात त्यांचं पंप आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही अकोल्यात होतो तेव्हा आमच्या विहिरीवरची मोटर त्यांनीच वर्षानुवर्षं जिवंत ठेवली होती. एरवी हा माणूस बोलायला लागला की थांबत नाही, पण त्या दिवशी त्यांच्या पुढ्यातला चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सर, माही पोरगी चोर नाही," ते म्हणाले. "कंपनीवाले म्हणतात, उद्या दुपारी मंडळाचे साहेब येतील, त्याइच्या समोर तिले पोलिसात देतो. कालपासून बाजारात सारे मले पाहून राहिले. म्या शटर अर्धं पाडून ठेवलं. पुरं उघडू कसं?"

ते हे मला सांगत होते, पण उपयोग होता तो रमाला सांगून. मी हरिहर, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला निरुपद्रवी माणूस. रमा, माझी बायको, वकील आहे आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायला तिला कोर्टाची पायरी लागत नाही. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत, याचा अर्थ ती नीट ऐकत होती.

कंपनीची गोष्ट मला पेपरातून माहीत होती. ती वर्षं आठवतात ना? वऱ्हाडातून रोज वाईट बातमी यायची, मुंबई-दिल्लीहून पॅकेजं यायची, आणि जो तो शेतकऱ्याला नवीन काहीतरी सुचवायचा. सफेद मुसळी झाली, रतनज्योत झाली, कोरफड झाली. मग स्वानंद नावाचा एक इंजिनिअर पुण्याहून आला आणि म्हणाला, चंद्रपूरकडे कोळसा पडलाय, त्याचं डिझेल करू, तुमची इंजिनं स्वस्तात चालतील. राज्याच्या एका मंडळाने निम्मा पैसा द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की निम्मा पैसा लोकांनी घालावा. संत्रावाल्यांनी, जिनिंगवाल्यांनी शेअर घेतले, कारण सरकार आत होतं. सरकार आत आलं, कारण लोकांनी शेअर घेतले होते. भातकुली रोडला छोटा प्लँट उभा राहिला. तिथलं तेल तपासणीत पास झालं की दोन्हीकडचा मोठा हप्ता सुटणार होता. शितावरून भाताची परीक्षा, आणि तेच शीत कोणीतरी पळवलं होतं.

"बाटली चोरून नईमाला काय मिळणार?" रमाने विचारलं.

"म्हणतात, पेट्रोलपंपवाल्यांनी तिले फोडली. कपाटाची किल्ली तिच्यापाशी राहते म्हणून." कुर्बानभाईंनी खिशातून खोकल्याच्या औषधाची एक लहान बाटली काढली. "पोरीनं हे तुमच्यासाठी देलं, वकीलबाई. म्हणे, ताईले फक्त वास घ्याले सांगा."

रमाने बूच काढून वास घेतला आणि बाटली माझ्या नाकाशी धरली. आत पाण्यासारखं निवळ काहीतरी होतं. वास जवळजवळ नव्हताच.

"पाणी आहे?" मी म्हणालो.

"नाही सर. नईमा म्हणते, कोळशाचं खरं तेल हेच."

रमाने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग सील लावलेल्या बाटलीत काय होतं?"

२

प्लँट म्हणजे पत्र्याची मोठी शेड, दोन उंच नळकांडी, एक तेलाची टाकी आणि मागच्या अंगाला कोळशाचा ढीग. नईमा फाटकाबाहेरच्या बाभळीखाली उभी होती. तिला आत यायला बंदी होती. पंचविशीची मुलगी, रडून डोळे सुजलेले, पण यंत्राविषयी विचारल्याबरोबर तिचा आवाज सरळ झाला.

"कोळसा जाळायचा नाही सर, त्याचा गॅस करायचा," ती मला म्हणाली. माझा चेहरा पाहून तिने आणखी सोपं केलं. "तो गॅस एका भुकटीवरून नेला की त्याचं तेल होते. पण कोळशात गंधक राहते, आणि गंधकानं ती भुकटी मरते. म्हणून गंधक आधीच काढून टाकावं लागते. त्यामुळे निघते ते तेल एकदम साफ, बिनवासाचं."

"म्हणजे खरंच निघतं?" मला राहवलं नाही. काळ्या दगडातून पाण्यासारखं तेल निघतं हे ऐकून मी बाटली पुन्हा उन्हात धरून पाहिली.

"निघते. पण दिवसभरात कपभर, आणि त्यातलंही बरंच मेणासारखं. चांगलं तेवढं म्या वेगळं काढलं अन् फाटकावर नत्थुजींना दाखवूनच घरी नेलं, ते हे. मग नव्या वर्षाच्या तोंडावर टाकी एकदम भरली, पिवळ्या तेलानं. वास पंपावरच्या डिझेलचा. मी स्वानंद सरांना म्हटलं, हे आपलं वाटत नाही. ते म्हणाले, मशीनला लय सापडली आता. गुरुवारी मंडळाच्या साहेबांनी त्याच टाकीतून बाटली भरली, सील केली, कपाटात ठेवली."

"मग तू गप्प बसलीस?"

"नाही ताई. शुक्रवारी ऑफिसात सरांना म्हटलं, प्रयोगशाळेत पहिलं गंधकच पाहतील, तेव्हा काय सांगायचं? तिथं सूर्यभानजी पण बसले होते." सूर्यभानजी म्हणजे वरूडचे मोठे संत्रा बागायतदार, भागधारकांचे अध्यक्ष. "सोमवारी बाटली गेली. सर्वांत पहिले सूर्यभानजीच ओरडले, या पोरीनंच घेतली म्हणून. अब्बांना बोलावून घेतलं होतं, त्यांच्यासमोर."

"कपाटाची दुसरी किल्ली?"

"ऑफिसात खिळ्याला असते. तिथं ते दोघंच बसतात."

फाटकावर नत्थुजी होते. मिशा पांढऱ्या, काठी तेलपाणी केलेली, आणि स्वतःच्या नोकरीचा अभिमान एखाद्या किल्लेदाराइतका. रमाने त्यांना आधी गाव विचारलं. हा तिचा जुना डाव आहे. गाव विचारलं की वऱ्हाडी माणूस खुर्ची पुढे करतो.

"भातकुलीकडचा आहो जी मी. खारपाणपट्टा. विहीर खोदा, खारं पानी. कापूस, तूर, देवाच्या भरोशावर. आमाले बागाईत माहीतच नाही. संत्रा पाह्यला तं बाजारात."

"बाटली बाहेर गेली कशी हो?"

"गेलीच नाही!" नत्थुजींनी काठी आपटली. "माह्या फाटकातून झडती देल्याबिगर काही जात नाही. नईमाचा डबा पाह्यतो मी, अन् साहेबाची बॅग बी. अध्यक्षसाहेबाचाच हुकूम हाये. अध्यक्षसाहेबाची बी थैली पाह्यतो."

"आणि आत काय काय येतं?"

"कोळसा येते. अन् हो, नव्या वर्षाआधी स्वानंदसाहेबाच्या गाडीत डिझेलचे दोन ड्रम आल्ते. म्या इचारलं. साहेब म्हणे, अध्यक्षसाहेबाचे आहेत, त्याइच्या बागेतलं इंजिन चालवाले. संत्र्याले पानी लागते ना जी."

"ते ड्रम वरूडला गेले?"

नत्थुजी घुटमळले. फाटकाशेजारी त्यांचा आंघोळीच्या पाण्याचा पिंप होता. रमा सरळ त्याच्याकडे गेली आणि वाकून वास घेतला.

"हा त्यातलाच," नत्थुजी ओशाळून म्हणाले. "दोन्ही मांगं रिकामे पडले होते. म्या एक घेतला. साहेब काही बोलले नाहीत. त्याइनं सोमवारी एवढंच सांगितलं, कोळशाच्या ढिगाच्या त्या बाजूले हात लावू नको, तो नमुन्याचा कोळसा हाये."

मी रमाला बाजूला घेतलं. "झालं की! डिझेल बाहेरून आणलं आणि टाकीत ओतलं. तपासणीत गंधक सापडलं असतं म्हणून बाटली लपवली."

"ते झालंच. पण कोणी? डिझेल सूर्यभानजींचं म्हणतात, आणलं स्वानंदने. गंधकाचं दोघांनी ऐकलं, किल्ली दोघांच्या हाताशी." ती ऑफिसकडे निघाली. "चला, पुणेरी कॉफी पिऊ."

३

स्वानंद पस्तिशीचा, गोरागोमटा, बोलणं मधात घोळलेलं. मला तो पाहताक्षणी आवडला नाही, पण त्यात माझा पूर्वग्रह असेल. मला खिशात दोन पेनं लावणाऱ्या माणसांचा भरवसा वाटत नाही. त्याने कॉफी मागवली, खारी बिस्किटं मागवली आणि भिंतीवर चित्रं दाखवायला घेतली. परदेशात कुठेकुठे कोळशाचं तेल करतात, किती विमानं त्यावर उडतात. सांगताना त्याचे डोळे चमकत होते, आणि ते सोंग वाटलं नाही. या गड्याचा त्या तेलावर खरोखर जीव होता.

"नईमाबद्दल मला वाईट वाटतं, ताई," तो म्हणाला. "हुशार मुलगी आहे. पण एवढ्या लोकांचा पैसा अडकलाय. मला कठोर व्हावंच लागेल."

"वाटणारच," रमा म्हणाली. "ते दोन ड्रम डिझेल कशासाठी होतं हो?"

क्षणभर त्याचा कप हवेत राहिला. मग तो हसला. "नत्थुजी! काहीही पोटात राहत नाही त्यांच्या. अहो, ते सूर्यभानजींचं. वर्षअखेरीला त्यांचा फोन आला होता." इथे त्याने खुर्चीत मागे रेलून सूर्यभानजींची नक्कल केली, आणि ती वऱ्हाडी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "'स्वानंदराव, लाईट नाही, बाग वाळून राहिली. बागेले पानी द्यायचं हाय. दोन ड्रम आणून ठेवा, मी नेतो.' आपले अध्यक्ष, नाही कसं म्हणणार? मी आणून ठेवले."

"असंच म्हणाले? बाग वाळतेय, पाणी द्यायचंय?"

"शब्दन् शब्द."

"आणि मग ते रिकामे झाले?"

स्वानंदने आवाज खाली आणला. "मला कोणावर आरोप करायचा नाही. पण सूर्यभानजींच्या शब्दावर अख्ख्या वरूडने शेअर घेतलेत. तेल कमी पडतंय हे त्यांना कळलं होतं. माणूस घाबरला की काय करेल, सांगता येत नाही. तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं बघा."

रमाने आणखी एक खारी घेतली, कॉफीत बुडवली आणि शांतपणे खाल्ली. मला तिचा हा चेहरा ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला तिच्या माहेरच्या संत्र्यांऐवजी बाजारातली आणून दिली होती आणि माहेरची म्हणून सांगितलं होतं, तेव्हा एक फोड तोंडात घालून तिने असाच चेहरा केला होता. तिचं माहेर वरूडच्या पुढे, शेंदुरजनाघाटला आहे. घराला लागून संत्र्याची बाग.

"उद्या दुपारी मी येते," ती उठत म्हणाली. "मंडळाच्या साहेबांसमोर हेच सांगाल?"

"अगदी हेच."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आता घरी ना?"

"वरूडला," ती म्हणाली.

४

मोर्शी मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा सुरू होतात. मी त्यांच्याकडे पाहून खूश होणार होतो, पण झाडं मरगळलेली दिसत होती. सूर्यभानजींची बाग तर फारच वाईट. पानं मलूल, कडेने वळलेली, खालची जमीन भेगाळलेली.

"बिचारी तहानलीत," मी म्हणालो.

"हं," रमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली. मला राग आला. झाडं मरायला टेकलीत आणि ही हसते!

सूर्यभानजी पॅकिंगच्या शेडमध्ये होते. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, गळ्यात उपरणं. तिथे शेवटच्या तोडीची संत्री तणसात घालून पेट्यांत भरली जात होती. आम्ही नईमाकडून आलो म्हणताच त्यांनी हातातलं फळ पेटीत टाकलं.

"तिची वकिली कराले आले काय? बाई, माह्या शब्दावर गावानं शेअर घेतले. लोकं माह्या दारात उभे राह्यतात, इचारतात, सूर्यभानजी, तेल कधी येते? त्याइले मी काय सांगू? त्या पोरीनं आमचा घात केला. मी तिले सोडत नाही."

"तिनेच केला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"स्वानंदरावानं. अन् किल्ली कोनाजवळ राह्यते?"

"खिळ्यावरही एक राहते."

"म्हंजे मी चोर?" ते गरजले. पेट्या भरणारी माणसं थांबून बघायला लागली.

"मी असं म्हटलं नाही. उद्या दुपारी प्लँटवर या, एवढंच सांगायला आले. तुमची बाग बघू का जाताजाता?"

बागेचं कौतुक नाकारेल असा बागायतदार अजून जन्माला यायचाय. त्यांनी हाताने वाट दाखवली, पण सोबत आले नाहीत. बागेच्या टोकाला इंजिनाची खोली होती. मी आत डोकावलो, आणि एका कोंबडीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. इंजिनाच्या चाकाला टेकून कोणीतरी टोपली ठेवली होती, आणि बाई निवांत अंडी उबवत बसल्या होत्या. चाकावर कोळ्याचं जाळं होतं.

आता मात्र माझी ट्यूब पेटली. मी रमाला जवळजवळ ओढतच गाडीशी आणलं.

"सापडला चोर! इंजिन कित्येक दिवसांत चाललेलं नाही. बागेला थेंबभर पाणी नाही. म्हणजे पाण्यासाठी डिझेल हवं होतं, ही शुद्ध थाप. आणि शेडमध्ये ओरडतो कसा, बघितलंस ना? चोराच्या उलट्या बोंबा!"

रमाने पदराने कपाळ पुसलं. "तुमचं सगळं बरोबर आहे. ही थापच आहे."

"मग तिथेच का नाही धरलंस? डिझेलचं नावसुद्धा काढलं नाहीस!"

"उद्या चारचौघांत काढायचंय म्हणून. आणि थाप कोणाची आहे, ते तुम्ही चुकलात," ती म्हणाली. तिने सीटवर डोकं टेकलं आणि अमरावती येईपर्यंत झोप काढली. मी सगळा रस्ता तिच्यावर चरफडत गाडी चालवली.

५

बुधवारी दुपारी ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाचे साहेब, स्वानंद, सूर्यभानजी, दाराशी नत्थुजी. नईमा आणि कुर्बानभाई भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. रमाने स्वतःची खुर्ची कुर्बानभाईंना दिली आणि टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले.

एकात टाकीतलं पिवळं तेल, दुसऱ्यात खोकल्याच्या बाटलीतलं निवळ तेल. साहेबांनी दोन्हींचा वास घेतला. ते यातले जाणकार होते; गुरुवारी ताडून पाहायला दुसरं तेल नव्हतं, आता त्यांना फार सांगावं लागलं नाही. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"टाकीत पंपावरचं डिझेल आहे," रमा म्हणाली. "म्हणून तपासणी कोणालातरी नको होती. नईमाला तपासणीची भीती असती तर गंधकाचं तिने आपणहून सांगितलं नसतं. आता डिझेलचं. स्वानंदराव, सूर्यभानजी फोनवर काय म्हणाले होते?"

स्वानंदने घसा खाकरला. आज त्याने नक्कल केली नाही. "वर्षअखेरीला त्यांनी मला सांगितलं की वीज नाहीये, बाग वाळतेय, पाणी द्यायचंय, तर डिझेलचे दोन ड्रम आणून ठेवा. मी ठेवले. पुढे त्यांचं काय झालं, ते सूर्यभानजींना..."

"काय?"

सूर्यभानजी उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. ते रागाने लाल होतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं.

"बागेले पानी? आं? पौष लागाच्या टायमाले? अरे, माही बाग ताणावर हाये! ताणात आभाळातून पाऊस पडला तरी आमी छाती बडवतो, अन् मी हातानं पानी देऊ? येडा झालो काय मी?"

साहेब गोंधळले. मीही. रमाने आम्हा दोघांवर दया केली.

"आंबिया बहाराच्या आधी संत्र्याचं पाणी मुद्दाम तोडतात, साहेब. झाडं महिना-दीड महिना तहानलेली ठेवायची, पानं मलूल होऊ द्यायची. त्यालाच ताण देणं म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की झाड फुलांनी लदून जातं. ताण मधेच मोडला तर वर्षाचा बहार गेला. माझ्या माहेरी या दिवसांत इंजिनखोलीत कोंबड्या बसवतात." तिने माझ्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला. "सूर्यभानजी गरज पडली तर खोटं बोलतीलही. पण ही थाप वरूडच्या माणसाच्या तोंडात येणारच नाही. ती अशाच माणसाला सुचेल, ज्याला वाटतं की झाड आहे म्हणजे पाणी लागणारच. आणि ती पचली कोणाला? नत्थुजींना. त्यांच्या गावी खारं पाणी, बाग त्यांनी पाहिलेलीच नाही. वरूडचा गडी फाटकावर असता तर तिथेच फिदीफिदी हसला असता."

नत्थुजी काठीवर भार देऊन उभे होते. त्यांनी हळूच मान खाली घातली.

"हे सगळे तर्क आहेत," स्वानंद म्हणाला, पण आवाजातला मध आटला होता. "बाटली कुठे आहे?"

"तीही सांगते. फाटकातून झडतीशिवाय काही जात नाही. म्हणजे बाटली आतच आहे. नत्थुजी, ढिगाच्या ज्या बाजूला हात लावायला साहेबांनी बंदी केली, तिथला कोळसा जरा उकरता?"

नत्थुजी गेले. फावड्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. परतले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि हातातल्या बाटलीवरचं लाखेचं सील तेवढं लालभडक दिसत होतं.

स्वानंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी पैसे खाल्लेले नाहीत," तो म्हणाला. "तेल निघतं हो! तुमच्यासमोर पेल्यात आहे. फक्त वेळ हवा होता. हप्ता थांबला असता तर सगळंच बंद पडलं असतं. पुढच्या वेळी खरं तेल दिलं असतं."

"आणि तोवर या पोरीने चोर म्हणून जगायचं?" रमाचा आवाज मी इतका चढलेला क्वचित ऐकला आहे. "तिने खरं तेल तुमच्याच प्लँटमध्ये काढून दाखवलं, कपभर का होईना! ते घेऊन तुम्ही या साहेबांपुढे गेला असतात, तर तुम्हाला वेळ कोणी नाकारला असता?"

साहेबांनी दोन्ही पेल्यांतलं तेल स्वतःच्या बाटल्यांत भरून घेतलं. मला तेव्हा वाटलं ते अजून वाटतं. सरकारने लोकांकडे पाहून पैसे घातले, लोकांनी सरकारकडे पाहून घातले, आणि टाकीत वाकून पाहिलं ते एकट्या नईमाने.

सूर्यभानजी तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. उपरणं सावरत, खाली बघत फाटकाबाहेर गेले. मला त्यांचा संताप आला. चोर म्हणताना जीभ चुरूचुरू चालली होती, आता टाळ्याला चिकटली!

६

प्रयोगशाळेचा निकाल नईमाने सांगितला तसाच आला. मंडळाचा हप्ता थांबला, शेअरवाल्यांचाही. स्वानंदवर गुन्हा दाखल झाला. भातकुली रोडच्या फाटकावर नत्थुजी तेवढे राहिले.

पण बाजार निकाल वाचत नाही. संक्रांतीनंतर आम्ही तिळगूळ घेऊन अकोल्याला गेलो, तेव्हा कुर्बानभाईंच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच होतं. "ते कंपनीवालं प्रकरण मिटलं का?" असं लोक विचारायचे, आणि विचारताना त्यांच्या ओठांत हसू असायचं. नईमा आत बसून इंजिनांचे सुटे भाग पुसत होती.

तेवढ्यात दुकानासमोर एक टेम्पो थांबला. मागे दोरखंडाने बांधलेलं एक इंजिन होतं आणि पुढून सूर्यभानजी उतरले.

"ताण सोडाचा हाये," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "इंजिन सुरू होऊन नाही राह्यलं."

कुर्बानभाईंनी हात पुसले. वरूडपासून अकोल्यापर्यंत इंजिनाचे मिस्त्री रस्त्यारस्त्याला बसलेले असतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. "वरूडात मिस्त्री नाही काय, मालक?"

"हायेत."

"मोर्शीत, अमरावतीत?"

"हायेत ना," सूर्यभानजी म्हणाले. "मले इथंच दाखवाचं होतं."

कुर्बानभाईंनी इंजिन उतरवून घेतलं, उघडलं, साफ केलं, पुन्हा जोडलं. चहावाला, टायरवाला, समोरचा बी-बियाणंवाला, सगळे काम सोडून येऊन उभे राहिले. शेवटी टाकीत डिझेल घालायची वेळ आली तेव्हा सूर्यभानजी नईमाकडे वळले.

"पोरी, ते तुह्यापाशी होतं, ते हाये का अजून?"

साहेबांनी नेऊन उरलेलं थोडंसं तेल तिने जपून ठेवलं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. कुर्बानभाईंनी टाकीची नळी सोडून तिला लहानसं नरसाळं लावलं, आणि नईमाने खोकल्याची बाटली त्यात उपडी केली. सूर्यभानजींनी स्वतः हँडल मारलं.

इंजिन एकदा ठसकलं, दुसऱ्यांदा ठसकलं आणि धडधडायला लागलं. काळा धूर नाही, वास नाही. चंद्रपूरच्या कोळशातून निघालेल्या त्या घोटभर तेलावर ते भर बाजारात चाललं. रमाचे डोळे भरले होते हे मी नक्की पाहिलं. दोनेक मिनिटांनी आवाज मंदावला, चाक हळू झालं आणि थांबलं.

"संपलं," नईमा म्हणाली. "एवढंच होतं."

सूर्यभानजींनी उपरण्याने तोंड पुसलं. मग जमलेल्या लोकांकडे वळून, शेडमध्ये आमच्यावर गरजले होते त्याच आवाजात ते म्हणाले, "आयका रे! म्या हिले चोर म्हटलं होतं. हिचं तेल खरं होतं, अन् पोरगी बी खरी होती. खोटा मानूस आमी खांद्यावर घेऊन नाचलो. कोनी पुसलं तं माह्यं नाव सांगजा."

नईमा मान खाली घालून रिकाम्या बाटलीचं बूच लावत राहिली. ते काही केल्या लागेना.

"चला," कुर्बानभाई म्हणाले. "आता पंपावरचं डिझेल टाका, मालक. बाग वाट पाहून राहिली असंल."

आणि जाग्यावरून उठून त्यांनी दुकानाचं शटर पार वरपर्यंत सरकवलं.